कोऱ्या लॅपटॉपसमोर

समोर नवा लॅपटॉप आहे, नुकताच खोक्यातून काढलेला. चार्जर लावा, पण झाकण अजून उघडू नका. शेजारी तुमचा जुना लॅपटॉप ठेवा, ज्याच्या काही कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. दोघांच्या मध्ये एक कोरा कागद आणि पेन. खुर्ची थोडी मागे घ्या. आज काम लवकर उरकायचं नाही.

नवं मशीन हाती आलं की आपली बोटं आपोआप चालू लागतात. हे इन्स्टॉल कर, ते डाऊनलोड कर, जुन्या मशीनवरून ती एक फाइल ओढून आण. सकाळची दुपार होते, दुपारची संध्याकाळ, आणि तरी कुठेतरी काहीतरी अडलेलंच असतं. हे सगळं एका स्क्रिप्टने व्हावं, एक आज्ञा द्यावी आणि चहा घेऊन येईपर्यंत मशीन कामाला तयार असावं, असं आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. आपण ती स्क्रिप्ट लिहिणारच आहोत. त्याआधी एका प्रश्नापाशी थांबू. जुन्या मशीनवर असं नेमकं काय आहे, जे या नव्यावर यायला हवं?

जुना लॅपटॉप न उघडता कागदावर उत्तर लिहा. रोज लागणारी प्रत्येक गोष्ट लिहा. एडिटर कोणता, डेटाबेस कोणता, पायथनचं कुठलं व्हर्जन, टर्मिनलमध्ये कुठला फॉन्ट. सावकाश लिहा. काही आठवेनासं झालं की आणखी मिनिटभर थांबा, अजून दोन नावं येतील.

आता जुना लॅपटॉप उघडा आणि त्यालाच विचारा. मॅक असेल आणि होमब्रू वापरत असाल, तर 'लीव्ह्ज' ही आज्ञा द्या. दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी न आलेली, म्हणजे बहुधा तुम्ही स्वतः मागवलेली पॅकेजं ती दाखवते. उबंटू असेल तर हाताने बसवलेल्या पॅकेजांची वेगळी यादी 'ॲप्ट-मार्क' देतं. कागदावर दहा-बारा नावं असतील. पडद्यावरची यादी खाली घरंगळत जाईल.

ही यादी माळा आवरताना निघणाऱ्या सामानासारखी वाचा. एकेका नावापाशी थांबा आणि आठवा, हे घरात कधी आलं? काही नावं पाहताच ओळखीची वाटतील. काहींच्या बाबतीत एखादा जुना प्रकल्प आठवेल, तीन वर्षांपूर्वी संपलेला, आणि त्याबरोबर तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणारं माणूसही. काही नावं मात्र पूर्ण परकी वाटतील. तुमच्याच हातांनी मागवलेली, तरी का मागवली ते सांगता न येणारी. या परक्या नावांना खोडू नका. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह घाला आणि पुढे चला.

मॅकवर जुनं मशीन जसंच्या तसं नव्यात उतरवण्याची सोय आहे, आणि अनेकजण तीच वापरतात. मला तो मार्ग पसंत नाही. तो आख्खा माळा उचलून नव्या घरात नेतो, प्रश्नचिन्हांसकट. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले, तेव्हा असं स्थलांतर करणाऱ्या कितीतरी जणांकडे इंटेलसाठी बनवलेलं होमब्रू नव्या चिपवर येऊन बसलं आणि रोझेटाच्या दुभाष्यातून महिनोन् महिने चालत राहिलं. मशीन नवं होतं, त्यावरचं काम जुन्याच मशीनचं होतं.

माझ्यावर वेगळी वेळ आली होती. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. कोड गिटमध्ये होता, कागदपत्रं दुसरीकडे होती. फाइल म्हणावी अशी एकही हरवली नाही. तरी नव्या मशीनवर पहिल्यासारखं काम सुरू व्हायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका प्रकल्पाच्या चाचण्या का चालत नाहीत ते सापडलं. जुन्या मशीनवर मी कधीतरी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घालून ठेवलं होतं. कधी, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, काही आठवेना. डिस्कबरोबर गेल्या होत्या त्या माझ्या निवडी. वर्षानुवर्षं रोज एकदोन केलेल्या, प्रत्येकीमागे त्या दिवशी काही कारण असलेल्या, आणि एकही कुठे न लिहिलेली.

तेव्हापासून मी लिहू लागलो.

आता जुन्या मशीनवरच्या तुमच्या होम फोल्डरमधली लपलेल्या फाइलींसकट सगळी यादी मागा. टिंबाने सुरू होणारी नावं दिसतील. शेलची, गिटची, एडिटरची, एसएसएचची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. प्रोग्रामरचं बिऱ्हाड या टिंबांमागे असतं, आणि गिटमध्ये ठेवलं तर खरोखर पाठीवर घेऊन फिरता येतं.

ही नावं लपलेली का असतात, याची हकीकत युनिक्सच्या पिढीतले रॉब पाइक यांनी २०१२ साली सांगितली. सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी आपोआप येऊ लागल्या. एक टिंब म्हणजे हाच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे वरचा. यादी दाखवणाऱ्या 'एलएस' प्रोग्रामने या दोन नोंदी दाखवू नयेत म्हणून कुणीतरी सोपी युक्ती केली, की नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव गाळायचं. गाळायची होती दोनच नावं, गळली टिंबाने सुरू होणारी सगळी. मग प्रोग्राम आपल्या सेटिंगच्या फाइली त्या आडोशाला ठेवू लागले. पाइक यांच्या मते ती युक्ती ही चूकच होती. आपल्या आवडीनिवडी, सवयी, छोटे शॉर्टकट, सगळं त्या आडोशात साठत आलं आहे. तिथे काय आहे हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

तुम्ही आता पाहा. शेलची फाइल उघडा आणि पहिल्या ओळीपासून वाचा, मोठ्याने वाचलंत तरी चालेल. प्रत्येक ओळ कुठून आली? ही कुठल्याशा प्रोग्रामने बसवताना परस्पर घातली. ही मी एका लेखातून उचलली. ही एका मित्राने फोनवर सांगितली. ही मी स्वतः, विचार करून लिहिली. शेवटच्या प्रकारच्या ओळी थोड्या निघतील. त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहा.

या फाइलींच्या नावांच्या शेवटी बरेचदा 'आरसी' ही दोन अक्षरं येतात. ती थेट १९६० च्या दशकातली आहेत. एमआयटीत सीटीएसएस नावाची यंत्रणा होती, आणि तीत अनेक आज्ञा एका फाइलीत लिहून एकदम चालवण्याची 'रनकॉम' नावाची सोय होती. ती लुई पुझँ या फ्रेंच संशोधकाने लिहिली. 'शेल' हा शब्दही त्यानेच दिला. म्हणजे एक आज्ञा द्यावी आणि बाकीचं आपोआप व्हावं ही तुमची आजची इच्छा साठ वर्षांची आहे. ज्या फाइलीवर तुम्ही आत्ता बोट ठेवून आहात, तिच्या नावातच ती आहे.

पाणी प्या. खिडकीबाहेर पाहा. पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो घाईत समजत नाही.

जुन्या वाड्यातला पाण्याचा रांजण डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुणाला सांगितलंत, "रांजणात दहा घागरी पाणी ओत." रांजण रिकामा असेल तर ठीक. अर्धा भरलेला असेल तर पाणी ओसंडून पायांखाली येईल, कारण सांगितलेल्या माणसाने दहा मोजल्या, रांजणात पाहिलं नाही. आता दुसऱ्याला सांगा, "रांजण काठोकाठ भरलेला असावा." हा आधी डोकावेल. रिकामा असेल तर दहा घागरी आणेल, तीन कमी असतील तर तीन, आणि भरलेला असेल तर झाकण ठेवून परत येईल. त्याला दिवसातून चार वेळा पाठवलंत तरी जमीन कोरडी राहील.

सेटअपची पहिली स्क्रिप्ट आपण सगळे दहा घागरींची लिहितो. शेलच्या फाइलीत ही पाथची ओळ जोड. हा फोल्डर तयार कर. हे पॅकेज बसव. पहिल्यांदा ती छान चालते. मध्येच नेट जातं, अर्ध्यावर थांबते. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून चालवता. फोल्डर आधीच आहे म्हणून ती तिथेच चिडून थांबते, किंवा पाथची तीच ओळ फाइलीत दुसऱ्यांदा येऊन बसते. सहा महिन्यांनी तुमच्या शेलच्या फाइलीत एकच ओळ पाच वेळा असते. हे ओसंडलेलं पाणी आहे.

आपल्या मराठी व्याकरणात यासाठी अगदी नेमकी जागा आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. शाळेत क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'फोल्डर कर' हा आज्ञार्थ. 'फोल्डर असावा' हा विध्यर्थ. चांगली सेटअप स्क्रिप्ट विध्यर्थात लिहिलेली असते. कागद पुढे ओढा आणि तुमच्या यादीतली पहिली पाच वाक्यं तशी लिहून पाहा. गिट बसवलेलं असावं. कामाचा फोल्डर असावा. एडिटरच्या सेटिंगची फाइल माझ्या रेपोतल्या फाइलीकडे बोट दाखवत असावी. पाथमध्ये ही जागा एकदाच असावी. वाक्य असं फिरवलं की ते तपासायचं कसं हेही लगेच सुचतं. फोल्डरच्या आज्ञेला 'पी' हा पर्याय दिला की ती 'कर' ऐवजी 'असावा' बोलू लागते, आधीच असला तर तक्रार करत नाही. ओळ जोडण्याआधी ती फाइलीत आहे का, हे एका शोधाने कळतं. बाकीचं बहुतेक काम एवढंच आहे.

ज्या कृतीची पुनरावृत्ती काही बदलत नाही, तिला गणितात 'आयडेम्पोटंट' म्हणतात. हा शब्द अमेरिकन गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० साली बीजगणितासाठी घडवला. संगणकांच्या देखभालीत हा विचार नेटाने आणला तो मार्क बर्जेस यांनी. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात त्यांनी सीएफइंजिन लिहिलं, आणि यंत्र कुठल्याही अवस्थेत असलं तरी ते ठरवलेल्या अवस्थेकडे वळत यावं, हे त्यामागचं सूत्र होतं. पुढे पपेट, शेफ आणि २०१२ साली अँसिबल त्याच वाटेने आले. एका माणसाच्या एका लॅपटॉपसाठी एवढी अवजारं लागत नाहीत. होमब्रूची 'ब्रूफाइल' हीसुद्धा विध्यर्थातली साधी यादी आहे: ही एवढी पॅकेजं असावीत. ती कितीदाही चालवा. एल्को डोल्स्ट्रा यांचं निक्स याहून पुष्कळ पुढे जातं, मशीनवरच्या प्रत्येक पॅकेजाचा उगम नेमका बांधून ठेवतं. ज्यांना रस असेल त्यांनी ते सवडीने शिकावं. सुरुवात मात्र ब्रूफाइल आणि पन्नास ओळींच्या शेल स्क्रिप्टने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जी स्क्रिप्ट तुम्हाला स्वतःला ओळ न् ओळ समजते, तीच अडली की तुम्ही दुरुस्त कराल.

लिहायला सुरुवात करा. प्रत्येक ओळीवर, कागदावर जे कारण आठवलं होतं ते कॉमेंटमध्ये लिहा. अमुक प्रकल्पाच्या चाचण्यांना हे व्हेरिएबल लागतं. हा फॉन्ट डोळ्यांना बरा वाटतो. कारण अगदी घरगुती असलं तरी लिहा.

माझ्या उबंटूच्या स्क्रिप्टमध्ये तीन ओळी अशा आहेत, ज्या परक्या कुणाच्या तयार स्क्रिप्टमध्ये मला मिळाल्या नाहीत. देवनागरी फॉन्ट असावेत. भारतातल्या मराठीचं लोकेल तयार असावं. कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्ट असावा, तोच जो १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवला. त्याखाली एक छोटी मजकुराची फाइल नव्या मशीनवर येते, तीत कऱ्हाड, बाळ, ॲप असे शब्द आहेत. ऱ्ह मधला अर्धा र नीट वळतो का, ळ दिसतो का, ॲ च्या जागी चौकोन येत नाही ना, हे एका नजरेत कळतं. ॲ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, जुन्या फॉन्टांना ते ठाऊकच नाही. आपण लिहिलेल्या फॉर्मात उद्या एखाद्या आजींचं नाव चुकीचं उमटलं, तर त्या काय करणार? ते इथे, माझ्या टेबलावर, पहिल्याच दिवशी दिसायला हवं.

लिहून झालं की पुन्हा वरपासून वाचा. या वेळी प्रत्येक ओळीला एकच विचारा: हे मी पाहून लिहिलं की धरून चाललो?

होमब्रू मॅक्स हॉवेल यांनी २००९ साली सुरू केलं, आणि इंटेल मॅकवर ते 'यूएसआर लोकल' या जागी राहत आलं. दहा वर्षांहून अधिक काळ हे इतकं स्थिर होतं की असंख्य स्क्रिप्टांत ती जागा अक्षरशः लिहून ठेवलेली होती. नव्या चिपवर होमब्रूने 'ऑप्ट' खाली नवं घर केलं आणि त्या साऱ्या स्क्रिप्टा एका दिवसात आंधळ्या झाल्या. ज्यांनी जागा लिहून न ठेवता होमब्रूलाच 'तू कुठे राहतोस' असं विचारलं होतं, त्यांना काही करावं लागलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, मॅकओएस कॅटालिनाने नव्या खात्यांसाठी बॅश सोडून झेडएसएच हे शेल धरलं, तेव्हाही हेच झालं होतं. बॅशच्या फाइलीत लिहिलेलं कुणी वाचेनासं झालं. २०२२ मध्ये मॅकवरचं पायथन २.७ गेलं. जे नेहमीच असतं असं वाटतं, त्याची तुमची स्वतःची यादी करा. विचारता येईल तिथे विचारा, व्हर्जन नक्की असायला हवं तिथे ते आकड्यानिशी लिहा.

आता त्या एका फोल्डरपाशी या, ज्याकडे आपण मघापासून गेलो नाही. एसएसएचच्या किल्ल्यांचा फोल्डर.

एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू यलोनेन यांनी लिहिलं. ते हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात होते, आणि तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघडकीला आलं होतं. तेव्हा पासवर्ड तारेवरून उघडेच जात. म्हणून किल्लीच्या जोडीचा मार्ग आला: एक भाग जगाला द्यायचा, दुसरा स्वतःच्या मशीनबाहेर जाऊ द्यायचा नाही.

जुन्या मशीनवरून ही खासगी किल्ली नव्यावर कॉपी करण्याचा मोह होतो. एक ओळीचं तर काम आहे. इथे हात मागे घ्या. ही गोष्ट अशी आहे, जी बिऱ्हाडाबरोबर नेऊ नये. नव्या मशीनला त्याची स्वतःची किल्ली हवी. ती तिथेच जन्मावी, तिला त्या मशीनचं नाव असावं आणि मशीन जाईल त्या दिवशी तिचाही शेवट व्हावा. म्हणजे लॅपटॉप हरवला तर कुठली किल्ली रद्द करायची हे तुम्हाला ठाऊक असतं. टोकन, पासवर्ड, ग्राहकाच्या सर्व्हरचे पत्ते यांनाही हेच लागू आहे. ते एकदा रेपोत गेले आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकले, तरी गिटच्या इतिहासात राहतात. गिट जपून ठेवण्यासाठीच बनलं आहे.

म्हणून तुमची स्क्रिप्ट या जागी थांबू द्या. तिने सांगावं, "इथे नवी किल्ली बनव, पासफ्रेज स्वतः टाइप कर, तिचा उघडा भाग त्या त्या ठिकाणी नोंदव, आणि मग मला पुढे जायला सांग." सगळं आपोआप व्हावं म्हणून आपण बसलो होतो, आणि तरी हे थांबणं योग्य आहे. कुणाच्या दारातून आत जायचा अधिकार आपल्याला आहे, हे माणसाने दरवेळी स्वतः मान्य करावं.

तयार? नवा लॅपटॉप उघडा.

आता लागेल एक चमचा विरजण. भांडंभर दूध तयार आहे, पण कालच्या दह्यातला एक चमचा त्यात पडल्याखेरीज काही होत नाही. कोऱ्या मशीनवर गिट नाही, म्हणून रेपो आणता येत नाही. रेपो नाही, म्हणून स्क्रिप्ट नाही. हाताने करायचं काम एवढंच उरावं की तो चमचा घालायचा. मॅकवर ॲपलची कमांड लाइन टूल्स मागवणारी एक आज्ञा, तिच्याबरोबर गिट येतं. मग रेपो, मग स्क्रिप्ट. ही दोन-तीन वाक्यं रीडमीच्या अगदी वर लिहा. इंटरनेटवरून आलेली कुठलीही स्क्रिप्ट थेट शेलमध्ये ओतू नका, आधी वाचा. तुमची स्वतःचीसुद्धा, सहा महिन्यांनी पाहत असाल तर.

ती चालू झाली की फोन हातात घेऊ नका. ओळी वर सरकताना पाहा. कागदावर तुम्ही आठवून लिहिलेली नावं एकेक करून येत आहेत. कुठे अडली तर चिडू नका. अडलेल्या जागी तुम्ही धरून चाललेलं काहीतरी आहे, ते शोधा, ओळ सुधारा, पुन्हा पहिल्यापासून चालवा. रांजण भरलेला आहे तिथे ती डोकावून पुढे जाईल.

ती शेवटपर्यंत पोचली की लगेच आणखी एकदा चालवा. हे जरूर करा. या वेळी ती काहीही बदलणार नाही. हे आहे, तेही आहे, सगळं जागच्या जागी आहे, इतकं सांगून काही क्षणांत थांबेल. माझ्या अख्ख्या कामात यापेक्षा निवांत करणारं दृश्य मी पाहिलेलं नाही.

इथवर जे केलं ते स्वतःसाठी केलं. आता जुना लॅपटॉप मिटा आणि तुमच्या टीममध्ये सगळ्यांत शेवटी आलेलं माणूस डोळ्यांसमोर आणा.

पुण्यात मी ज्या टीममध्ये होतो, तिथे एक मुलगी नोकरीच्या पहिल्या दिवशी आली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, घरातली पहिलीच या क्षेत्रात आलेली. तिला लॅपटॉप मिळाला आणि टीमची रीडमी मिळाली, जी दोन वर्षं कुणी हात न लावलेली होती. तीत एक पायरी नव्हती. कंपनीच्या प्रॉक्सीचं प्रमाणपत्र मशीनवर बसवल्याखेरीज एकही पॅकेज उतरत नसे. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, आणि इतकं माहीत होतं की लिहायचं कुणाला सुचलंच नाही. तिच्याबरोबर रुजू झालेल्या एका मुलाने पहिल्याच तासात पाठीमागे वळून विचारलं आणि त्याचं काम झालं. ती चार दिवस बसून होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, मी सगळ्या स्टेप्स तीनदा केल्या. माझंच काहीतरी चुकतंय."

तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं आमचं. उत्तर एका ओळीचं होतं, आणि ती ओळ आमच्या तोंडात होती. तोंडी राहिलेली माहिती विचारण्याची हिंमत असलेल्यालाच मिळते. ज्याला इंग्रजीत विचारायचा संकोच आहे, जो दूर दुसऱ्या शहरातून एकटा काम करतो, ज्याला आपण या खुर्चीला लायक आहोत की नाही अशी आधीच धाकधूक आहे, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. आणि न पोचल्याचा दोष तो स्वतःकडे घेतो. त्या चार दिवसांत ती मुलगी प्रोग्रामिंगविषयी काही शिकली नाही. स्वतःविषयी एक खोटी गोष्ट शिकली, आणि ती आम्ही शिकवली.

गिटहबने २०१५ साली आपल्या टीमांमधली एक रीत जाहीर केली होती: प्रकल्प कुठलाही असो, कुठल्याही भाषेतला असो, त्यात ठरलेल्या नावांच्याच स्क्रिप्टा असाव्यात, म्हणजे नव्या माणसाला तो उभा कसा करायचा हे विचारावं लागू नये. मला ही रीत तांत्रिक सोयीपेक्षा फार मोठी वाटते. तिथे प्रत्येकाला पहिल्या दिवशी तेच उत्तर मिळतं, बोलक्यालाही आणि अबोलालाही.

तेव्हा तुमच्या टीममध्ये पुढचं नवं माणूस येईल, त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका. त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा, हात मांडीवर ठेवा, कीबोर्ड त्याच्याकडेच राहू द्या. त्याला स्क्रिप्ट चालवू द्या. जिथे ती अडेल, जिथे तुमच्या तोंडून "अरे हो, इथे ना..." असं निघेल, ते वाक्य तिथेच थांबवा आणि त्याला लिहायला सांगा. ती ओळ तो स्वतः स्क्रिप्टमध्ये घालेल. त्याची पहिली कमिट तीच असू द्या.